स्थिर ताऱ्यांतला चुकार ठिपका
धूमकेतू शोधणाऱ्या वैनू बाप्पू यांची जीवनकथा

नांदेड/लातूर, प्रतिनिधी

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू सूर्याला वळसा घालून संध्याकाळच्या पश्चिम आकाशात आला आणि नुसत्या डोळ्यांनीही दिसू लागला. असा पाहुणा कॅमेऱ्यात टिपायचा तर नांदेड-लातूरच्या हौशी छायाचित्रकाराला शहराच्या दिव्यांपासून दूर, बालाघाटच्या एखाद्या माळावर नाहीतर तलावाकाठी तिवई रोवावी लागते. तिथे तीस-तीस सेकंदांची शंभर छायाचित्रे घ्यायची आणि घरी येऊन संगणकावर ती एकावर एक रचायची. या रचण्यालाच स्टॅकिंग म्हणतात. एका चित्रात न दिसणारा अंधूक प्रकाश शंभर चित्रांच्या बेरजेतून उजळून निघतो.

धूमकेतूच्या बाबतीत मात्र इथेच घोटाळा होतो. संगणकाची प्रणाली चित्रे जुळवते ती ताऱ्यांच्या खुणांवरून. तारे एकमेकांच्या संदर्भात स्थिर असतात. धूमकेतू मात्र त्या पाऊण-एक तासातही ताऱ्यांमधून पुढे सरकलेला असतो. म्हणून तारे सुईच्या टोकासारखे रेखीव येतात आणि धूमकेतू फरफटल्यासारखा पुसट होतो. कधी याहूनही वाईट घडते. विमानाचे दिवे किंवा उपग्रहांच्या रेघा पुसण्यासाठी या प्रणालीत एक चाळणी असते. इतर चित्रांशी न जुळणारा ठिपका ती चूक समजून गाळून टाकते. ज्याच्यासाठी रात्र जागवली, तो धूमकेतूच अशा वेळी गुन्हेगार ठरून चित्रातून हद्दपार होतो.

उपाय अवघड नाही. डीप स्काय स्टॅकरसारख्या प्रणालीत पहिल्या, शेवटच्या आणि संदर्भ म्हणून निवडलेल्या चित्रात धूमकेतूचे केंद्रक नेमके कुठे आहे, हे आपल्या हाताने दाखवावे लागते. मधल्या चित्रांतील त्याची जागा प्रणाली प्रत्येक चित्राच्या वेळेवरून काढते. चित्रांचे रूपांतर करताना वेळेची नोंद पुसली गेली किंवा केंद्रक समजून शेजारच्या ताऱ्यावरच खूण केली, की गणित फसते. नंतर ताऱ्यांना धरून एक आणि धूमकेतूला धरून दुसरे, अशी दोन चित्रे तयार करून ती एकत्र करायची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी स्थिर धरता येत नाहीत. आधी कोणाला धरायचे, ते माणसाने ठरवायचे असते.

हा पेच संगणकाच्या आधीचा आहे. काचेच्या छायाचित्रण-पट्ट्यांच्या काळातही तो होता. अशाच एका काचेवरचा न जुळणारा ठिपका चूक म्हणून सोडून न देणारा एक विद्यार्थी पुढे आधुनिक भारतीय खगोलशास्त्राचा शिल्पकार ठरला. त्याचे नाव मनाली कल्लट वैनू बाप्पू. ज्या हैदराबाद संस्थानात तेव्हा नांदेड जिल्हा होता आणि उस्मानाबाद जिल्ह्यात लातूर होते, त्याच संस्थानाच्या वेधशाळेच्या अंगणात तो वाढला.

ताऱ्यांची मोजदाद

बाप्पू कुटुंब मूळचे केरळातील तलश्शेरीचे. वैनू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रासला झाला. वडील मनाली कुकुळी बाप्पू हैदराबादच्या निझामिया वेधशाळेत खगोलनिरीक्षक होते आणि वैनू हे त्यांचे एकुलते एक अपत्य. या वेधशाळेची कथा सुरू होते ती नवाब जफर जंग यांच्यापासून. खगोलशास्त्राच्या नादापायी या सरदाराने विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण मागवली आणि हैदराबादजवळ फिसलबंडा येथे वेधशाळा उभी केली. त्यांच्या निधनानंतर, १९०८ मध्ये, ती निझाम सरकारच्या ताब्यात आली. पुढे तिचा कारभार बेगमपेठेत हलला आणि उस्मानिया विद्यापीठाशी तिचे नाते जडले.

या वेधशाळेचे मोठे काम होते आकाशाची मोजदाद. १८८७ मध्ये पॅरिसला अनेक देशांच्या खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन साऱ्या आकाशाचा छायाचित्रमय नकाशा करण्याचा संकल्प सोडला आणि आकाशाचे पट्टे निरनिराळ्या वेधशाळांना वाटून दिले. त्यातील काही पट्टे हैदराबादच्या वाट्याला आले. ८ इंची छायाचित्रण दुर्बिणीने रात्रीमागून रात्र काचा उघडायच्या, दिवसा त्यांवरील ठिपके मोजायचे आणि प्रत्येक ताऱ्याचे स्थान वहीत नोंदवायचे, असे हे अनेक वर्षांचे चिवट काम होते. त्यातून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद झाली. प्रत्येक ताऱ्याला जागा असते आणि तो त्या जागीच सापडला पाहिजे, ही शिस्त वैनू यांच्या कानावर बालपणापासून पडत होती.

निझाम कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत असतानाच त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची, निरीक्षणे सुरू केली होती आणि शोधलेखही लिहू लागले होते. क्रिकेट, चित्रकला आणि उर्दू काव्य यांचीही त्यांना गोडी होती. परंतु भारतात त्या काळी खगोलभौतिकीचे उच्च शिक्षण जवळपास नव्हतेच. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅपली भारतात आले असता या तरुणाने त्यांची भेट घेतली. त्या भेटीतून पुढची वाट उघडली.

संस्थानात मात्र तो काळ अस्वस्थतेचा होता. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम पेटला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत उतरले आणि १७ तारखेला निझामाची राजवट संपली. त्यानंतर काही महिन्यांनी, १९४९ च्या प्रारंभी, हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती घेऊन एकवीस वर्षांचे बाप्पू अमेरिकेत दाखल झाले.

काचेवरचा पाहुणा

हार्वर्डला येऊन जेमतेम सहा महिने होत होते. २ जुलै १९४९ रोजी घेतलेल्या आकाशाच्या एका काचेवर बाप्पूंना एक अंधूक ठिपका दिसला. तो ओळखीच्या ताऱ्यांत बसत नव्हता. काचेवर असे ठिपके शेकड्याने सापडतात. धुळीचा कण, रसायनाचा डाग, काचेवरचा ओरखडा, काहीही ठिपक्यासारखे दिसू शकते आणि अनुभवी नजरही ते सोडून पुढे जाते. बाप्पूंनी तो सोडला नाही. प्राध्यापक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह त्याची खातरजमा झाली आणि तो धूमकेतू निघाला. रिवाजाप्रमाणे तिघांची नावे त्याला मिळाली. बाप्पू-बोक-न्यूकर्क हा तो धूमकेतू. त्याच्या कक्षेचे गणित मांडले तेव्हा तो परत येईल तो साधारण साठ हजार वर्षांनी, असा अंदाज निघाला.

त्या काळी अशा पाहुण्याचे चांगले छायाचित्र घेणे हे शरीराची कसोटी पाहणारे काम होते. निरीक्षक दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या मार्गदर्शक दुर्बिणीला डोळा लावून बसे. तिच्यातील तारांची फुली धूमकेतूच्या केंद्रकावरून ढळू नये म्हणून तो हाताने चक्र फिरवून दुर्बीण हळूहळू सरकवत राही. काच उघडी असेपर्यंत हे चालायचे. मग धूमकेतू रेखीव उमटे आणि तारे रेघांसारखे लांबत. आज संगणकावर मोजक्या चित्रांत केंद्रकावर खूण करून जे साधते, ते तेव्हा थंडीत, श्वास रोखून, मिनिटामिनिटाला साधावे लागे.

या शोधाबद्दल अमेरिकेतील पॅसिफिक खगोल संस्थेचे डोनोहो धूमकेतू पदक बाप्पूंना मिळाले. १९५२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि कार्नेगी संस्थेची पाठ्यवृत्ती घेऊन ते कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत गेले. जगातील सर्वांत मोठी, २०० इंची दुर्बीण तेव्हा तिथेच होती. तेथे ओलिन विल्सन यांच्यासह त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या एका रेषेचा अभ्यास केला. या काळ्या रेषेच्या मधोमध एक बारीक उजळ पट्टी असते. पट्टी जितकी रुंद, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, असे त्यांना आढळले. मूळ तेज कळले की भासमान तेजाशी तुलना करून ताऱ्याचे अंतर काढता येते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष विल्सन-बाप्पू परिणाम म्हणून जगभर अभ्यासला जातो.

परतीची वाट

पालोमारमध्ये राहणे सोपे होते. बाप्पू १९५३ मध्ये भारतात परतले. इथे मोठी दुर्बीण नव्हती आणि ती बांधणारे हातही नव्हते. उत्तर प्रदेश सरकारने बनारसला वेधशाळा काढली होती. तिची सूत्रे त्यांनी हाती घेतली. गंगेकाठच्या मैदानातील धूळ आणि धूसर हवा पाहून ही जागा उपयोगाची नाही, असे त्यांचे मत झाले आणि वेधशाळा नैनितालच्या डोंगरात नेण्यात आली. १९६० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले.

कोडाईकनाल ही सूर्याची वेधशाळा. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या या वेधशाळेची कीर्ती मोठी होती, पण उपकरणे जुनी झाली होती. बाप्पूंनी तिथले सौर संशोधन नव्याने उभे केले. रात्रीच्या आकाशासाठी मात्र डोंगरावरचे ढग आड येत. म्हणून त्यांनी दक्षिण भारतात काळोखी, कोरडी जागा शोधायला सुरुवात केली. तमिळनाडूतील जवादी डोंगरात, चंदनाच्या रानात वसलेले कवलूर त्यांना पसंत पडले. विषुववृत्तापासून ते अवघे साडेबारा अंश उत्तरेला आहे. मराठवाड्यातून क्षितिजाला टेकलेले दिसणारे दक्षिणेचे तारे तिथून चांगले वर आलेले असतात.

१९६८ च्या सुमारास कवलूरला पहिली दुर्बीण बसली ती ३८ सेंटिमीटरची, तीही आपल्याच कार्यशाळेत घडवलेली. १९७२ मध्ये जर्मनीहून एक मीटर व्यासाची दुर्बीण आली. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तेव्हा ताऱ्याचे तेज अनपेक्षितपणे मिणमिणले. या घटनेतून युरेनसभोवतीच्या कड्यांचा शोध लागला. जगात ज्या थोड्या ठिकाणांहून ते मिणमिणणे नोंदले गेले, त्यांत कवलूर होते. आलेखातील तो अनपेक्षित खड्डा यंत्राचा दोष म्हणून तिथेही कोणी पुसून टाकला नाही.

वालचंदनगरचे लोखंड

बाप्पूंच्या मनात होती ती २.३४ मीटर आरशाची दुर्बीण आणि तीही भारतात बांधलेली. परदेशातून तयार दुर्बीण विकत आणणे वेळ वाचवणारे होते. परंतु बांधता येणाऱ्या माणसांची पिढी त्यातून तयार झाली नसती, ही त्यांची धारणा होती. १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली आणि या कामाला आधार मिळाला. आरसा घासण्याचे अतिसूक्ष्म काम संस्थेच्या प्रयोगशाळेत झाले. दुर्बीण तोलून धरणारा अवजड सांगाडा घडला तो पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात. साखर कारखान्यांची यंत्रे घडवणाऱ्या हातांनी तारे पाहणाऱ्या यंत्राचे लोखंड घडवले, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे.

मानसन्मान येत राहिले. १९७० मध्ये भटनागर पुरस्कार, १९८१ मध्ये पद्मभूषण. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. ऑगस्ट १९८२ मध्ये या संघटनेचे महाअधिवेशन ग्रीसमधील पात्रास शहरात भरले. अध्यक्षाची खुर्ची मात्र रिकामी होती. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी म्युनिकला दाखल झालेल्या बाप्पूंचे १९ ऑगस्ट रोजी, अधिवेशन चालू असतानाच, निधन झाले. नऊ दिवसांपूर्वी त्यांनी वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण केली होती. मराठवाड्याच्या नकाशावर लातूर हा स्वतंत्र जिल्हा उमटला, तो याच महिन्यात.

दुर्बीण अपुरीच होती. सहकाऱ्यांनी ती पूर्ण केली. ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि दुर्बिणीला व वेधशाळेला वैनू बाप्पू यांचे नाव देण्यात आले. त्या काळी ती देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. योगायोग असा, की त्याच हिवाळ्यात हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ येत होता आणि कवलूरहून त्याचे वेध घेतले जात होते. धूमकेतूने ज्याचे नाव जगापुढे आणले, तो माणूस मात्र ते पाहायला नव्हता.

बाप्पूंचा धूमकेतू आता दूर अंधारात निघून गेला आहे. तो पुन्हा येईल तेव्हा कोणाची कोणती साधने असतील, सांगता येत नाही. काचेच्या पट्ट्या केव्हाच मागे पडल्या आणि चित्रे रचण्याचे काम संगणकाकडे गेले. तरीही माळावरून पहाटे परतलेल्या छायाचित्रकाराच्या पडद्यावर धूमकेतू फरफटतो किंवा नाहीसा होतो, तेव्हा यंत्र बिघडलेले नसते. सांगितले तेच ते करत असते. जे जुळते ते राखते आणि जे जुळत नाही ते टाकते. न जुळणाऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून हाच धरायचा, असे ठरवणारी नजर माणसाची असावी लागते. १९४९ च्या त्या जुलैमध्ये हैदराबादहून गेलेल्या विद्यार्थ्याने दाखवली ती हीच नजर.