लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात : एका सेनानीचे स्मरण

मिरजगावच्या पंचक्रोशीत फौजी घराण्यांची वाण नाही. सुट्टीवर आलेला जवान सोलापूर रस्त्यावर एस.टी.तून उतरला की आमच्या वसतिगृहातील मुले त्याच्या ट्रंकेकडे टक लावून पाहत राहतात, हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आपल्याच जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव यांनी १९४५ साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, हेही त्यांना ठाऊक असते. परंतु शत्रूवर तुटून पडणे एवढेच शौर्य, अशी त्यांची समजूत होऊ नये, या हेतूने या स्मरणिकेत आम्ही कोल्हापूरकडील एका सेनानीचे चरित्र देत आहोत.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी झाला. त्या काळी इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात भारतीय तरुणांसाठी वर्षाकाठी अवघ्या दहा जागा असत. त्यांपैकी एक शंकररावांनी मिळविली आणि १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. मात्र भारतीय अधिकाऱ्यांना सर्व पलटणींची दारे खुली नव्हती. त्यांच्यासाठी आठ पलटणी वेगळ्या काढल्या होत्या. गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखाली काम करावे लागू नये, हा त्यातला अंतःस्थ हेतू. थोरात त्यांपैकीच पहिल्या चौदाव्या पंजाब पलटणीत दाखल झाले. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयूब खान त्याच पलटणीतले.

हिंदी माणूस युद्धात पलटण चालवू शकेल काय, या शंकेचे उत्तर जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकानच्या किनाऱ्यावर मिळाले. कांगॉ येथे जपान्यांची माघारीची वाट रोखणाऱ्या एकावन्नाव्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीयांकडे होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने मेलरोज नावाची टेकडी घनघोर लढाईनंतर काबीज केली. तिघांनाही डी.एस.ओ. हे मानाचे पदक लाभले.

रणांगणावरची ही कीर्ती एखाद्या सैनिकाला जन्मभर पुरली असती. आम्हांस मात्र त्यांच्या आयुष्यातील १९५३ हे वर्ष अधिक मोलाचे वाटते.

त्या वर्षी जुलैमध्ये कोरियातील युद्ध थांबले, पण बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई युद्धकैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला. त्यांचा निर्णय दडपणाविना व्हावा म्हणून तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. थिमय्या त्याचे अध्यक्ष झाले आणि कैद्यांचा सांभाळ भारतीय सेनेकडे आला. त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या भूमीवर भारतीय शिपायाचे पाऊल पडू देणार नाही असा हट्ट धरल्याने आपले जवान इंचॉन बंदरात जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे जी छावणी उभी राहिली तिला त्यांनी हिंदनगर हे नाव दिले.

काम अवघड होते. कुंपणाआड कैद्यांच्याच संघटना राज्य करीत. परत जाऊ इच्छिणाऱ्याच्या जिवाला धोका असे. सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आत नेले. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह निःशस्त्र आत शिरले आणि खवळलेल्या जमावाने त्यांनाही वेढले. बाहेर बंदुका रोखलेल्या होत्या. एका शब्दाने रक्ताचे पाट वाहिले असते, आणि नुकताच झालेला युद्धविरामही कदाचित त्यात वाहून गेला असता. थोरातांनी तो शब्द उच्चारला नाही. आमच्या देशात दारी आलेल्याला निदान चहा तरी विचारतात, तुमच्याकडे तेवढीही रीत दिसत नाही, अशा आशयाचे त्यांनी कैद्यांच्या पुढाऱ्यांना सुनावले. वातावरण सैलावले, चहा आला आणि मेजरची सुटका झाली.

प्रत्येक वेळी असे साधले नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबरच्या आरंभी भारतीय जवानांना गोळीबार करावा लागला व काही कैदी मृत्युमुखी पडले. तरीही पुढच्या फेब्रुवारीपर्यंत हे दल आपले कर्तव्य संपवून परतले. दोन्ही बाजूंना नकार देणारे ८८ कैदी भारतातच आले. या कामगिरीबद्दल थोरातांना अशोकचक्र, वर्ग दुसरा (आजचे कीर्तिचक्र) देण्यात आले.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू येथे चिनी सैन्याशी चकमक घडली, तेव्हा नेफाच्या रक्षणाचा त्यांनी बारकाईने विचार केला. सीमेवरच्या विखुरलेल्या चौक्या टिकणार नाहीत, संरक्षणाची खरी फळी मागे, जिथे रसद पोहोचते तिथे हवी, असे त्यांनी लेखी कळविले. मार्च १९६० मध्ये लखनौला लाल किला या नावाचा युद्धसराव घेऊन तेच दाखवून दिले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटले नाही. सरसेनापतिपदासाठी थिमय्यांनी थोरातांचे नाव सुचविले होते, परंतु निवड थापर यांची झाली. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. अवघ्या दीड वर्षात नेफात काय घडले ते आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना सांगायला नको.

पराभवानंतर पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्यांसह त्यांचीही नेमणूक झाली. आपले म्हणणे आधी ऐकले असते तर, हा सूर त्यांनी चव्हाट्यावर लावला नाही; आपली हकीकत त्यांनी इंग्रजी आत्मचरित्रात लिहिली, ती १९८६ साली प्रसिद्ध झाली. दरम्यान महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून मुलाखतींच्या मेजापलीकडे बसून त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या उमेदवारांना पारखले. ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.