साध्या ठेक्याचे धनी : तबलानवाज शेख दाऊदखाँ

मैफल संपली आणि मंडळी चपला शोधीत बाहेर पडू लागली, की गवयाच्या तानांची, एखाद्या ठुमरीतल्या जागेची चर्चा सुरू होते. तबलावादकाचे नाव निघालेच, तर ते एखाद्या लांबलचक तिहाईसाठी किंवा सतारियाशी झालेल्या झटापटीसाठी निघते. तासभर एकाच चालीने, न हलता, न बोलता ठेका धरून बसलेल्या माणसाची आठवण कोणास होत नाही. ज्यांनी नेमके हेच काम आयुष्यभर केले आणि त्यातच नाव मिळविले, अशा एका कलावंताची ओळख आज करून द्यावयाची आहे. हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना शेख दाऊदखाँ हे नाव परके नाही. नव्या पिढीला मात्र ते सांगावे लागते.

दाऊदखाँ मूळचे आपल्याच बाजूचे. 1916 साली सोलापुरात त्यांचा जन्म झाला. सोलापूर तेव्हा इंग्रजी अंमलातले आणि तिथून काही कोसांवर निजामाची हद्द लागे. तुळजापूर, नळदुर्ग ही गावे त्या काळी हैदराबाद संस्थानच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत. गिरण्यांचे गाव, गणपतीचे मेळे, नाटक कंपन्यांचे मुक्काम, मोहरमचे ताशे आणि चार भाषांची गजबज यांत ज्या मुलाचा कान तयार होतो, त्याला तालाचे वेड लागले तर नवल कसले? तबल्याचे पहिले धडे दाऊदखाँना सोलापुरातच मिळाले. पुढची विद्या मिळवायची तर मुंबई-पुण्याची वाट होती, तशी वाडी जंक्शनवर गाडी बदलून हैदराबादची वाटही होती. त्यांनी ही दुसरी वाट धरली.

हैदराबादेत त्यांना गुरू लाभले ते उस्ताद अल्लादियाखाँ. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे या नावासरशी कोल्हापूरचे गानमहर्षी उभे राहतील, म्हणून खुलासा केलेला बरा. हे अल्लादियाखाँ तबल्याचे उस्ताद होते. त्या काळचे हैदराबाद म्हणजे दरबार, उमरावांच्या देवड्या, दर्ग्यांतल्या कव्वाल्या आणि मुशायरे. उत्तरेकडचा गवई दक्षिणेत उतरला की त्याचा मुक्काम येथे ठरलेला. तबलावादकास याहून चांगली शाळा कोणती मिळणार? दिल्लीचा गवई लय एका अंगाने मांडतो, पूरबकडचा दुसऱ्या, आणि कव्वालाला तर हातात निराळेच वजन लागते. पेशकार, कायदे, रेले, गती हा सारा ऐवज दाऊदखाँनी रीतसर मेहनत करून पदरात घेतला होता. हे प्रथमच सांगून ठेवतो, कारण साधे वाजविणाऱ्याला दुसरे काही येत नसावे, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे आहे.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले ते रेडिओमुळे. हैदराबादेत 1935 साली नभोवाणी सुरू झाली आणि थोड्याच काळात ती निजाम सरकारची डेक्कन रेडिओ झाली. उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कानडी कार्यक्रम तीवरून होत. सुलतानबाजार, काचीगुडा भागातल्या आपल्या घरांतून संध्याकाळी रेडिओभोवती जमलेली माणसे हे त्या काळचे नेहमीचे चित्र. दाऊदखाँ या केंद्रावर नोकरीस लागले. 1948 साली संस्थान गेले, 1950 च्या एप्रिलात केंद्र आकाशवाणीकडे आले, 1956 साली राज्याची वाटणी होऊन मराठवाडा वेगळा झाला. धनी बदलले, पाटी बदलली, पण तबल्यावरचा हात तोच राहिला.

रेडिओच्या नोकरीतला तबलावादक काय करतो, हे बाहेरच्याला कळत नाही. सकाळी एखाद्या होतकरू मुलीचे भजन, दुपारी गझल, संध्याकाळी परगावच्या खाँसाहेबांचा बडा ख्याल, रात्री सतार. प्रत्येकाचा सूर निराळा, लय निराळी, स्वभावही निराळा. बाईंचा स्वर काळी चार किंवा पाच, बुवांचा पांढरी एक किंवा काळी एक. एकाच तबल्याने हे भागत नाही. चढ्या स्वराला लहान तोंडाचा तबला लागतो, उतरत्या स्वराला रुंद पुडीचा. गट्टे हातोडीने वरखाली करून आणि गजऱ्यावर टोले देऊन तो नेमक्या स्वरात आणावा लागतो, आणि हे सारे लाल दिवा लागण्यापूर्वी. त्या काळी बहुतेक गायन थेट प्रक्षेपित होई. चुकले तर पुसून पुन्हा घेण्याची सोय नव्हती. पंधरा मिनिटांच्या वेळेत गवयाने राग उभा करायचा, आणि त्यातली तीन मिनिटे तबलावादकाने आपल्या हुन्नरासाठी घेतली तर रागाचे काय उरणार?

शिवाय मायक्रोफोन हा मोठा चहाडखोर. दिवाणखान्यात जो डग्गा भरदार वाटतो, तोच मायक्रोफोनपुढे जरा जोराने पडला की गवयाचा खर्ज गिळून टाकतो. हलक्या हाताने, पण पोकळ न होऊ देता डग्गा वाजविणे ही वेगळी विद्या आहे. दाऊदखाँच्या वादनाविषयी जाणकार बोलतात ते याच गोष्टीबद्दल. त्यांचा हात स्वच्छ होता, नाद गोल होता, आणि तो गाण्याच्या खाली राही.

खाली राहणे हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. तबल्याच्या जोडीत लोकांचे डोळे उजव्या हाताकडे असतात, कारण बोटे तेथे नाचतात. परंतु गाणाऱ्याचा जीव डाव्यात, म्हणजे डग्ग्यात असतो. तिलवाड्याचेच उदाहरण घ्या. सोळा मात्रांचा हा ताल. पहिल्या सहा मात्रांत डग्गा बोलत असतो. सातव्या मात्रेला धिंचे तिं होते आणि डग्गा गप्प होतो. खाली येते, ता वाजतो, आणि अकराव्या मात्रेला तो घुमारा पुन्हा उठतो. गवई बोलआलापीत डोळे मिटून कितीही दूर गेलेला असो, त्या चार मात्रांच्या गप्प बसण्याने त्याला आपण कोठे आहोत ते कळते. विलंबित एकतालात दुसरी तिरकिट ऐकू आली की पुढे दोन मात्रा, मग सम. हे वाटेवरचे मैलाचे दगड आहेत. आता तबलावादकाने त्या मोकळ्या मात्रांत आपली कारागिरी भरली, डग्ग्यावर मनगट घासून नको तेथे मींड काढली, तर दगडावरची अक्षरे दिसेनाशी होतात आणि प्रवासी चुकतो.

हा प्रवास माझाही एकदा चुकला आहे. एका घरगुती बैठकीत मी गायला बसलो होतो. साथीला तरुण, तयार हाताचे गृहस्थ होते. विलंबितातल्या प्रत्येक मात्रेत त्यांनी इतके काही भरले की दुसऱ्याच अंतऱ्याला माझी सम गेली. श्रोत्यांनी टाळ्या दिल्या त्या त्यांना. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. त्यांच्या जागी साधा ठेका असता तर मी चुकलो नसतो, पण टाळ्याही पडल्या नसत्या, हे त्यांना ठाऊक होते.

ठेका साधा आहे म्हणून तो सोपा आहे, असे मात्र कोणी समजू नये. मंद विलंबितात एकतालाची एक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, म्हणजे बारा मात्रांचे एक आवर्तन संपायला जवळजवळ मिनिट लागते. दोन आघातांमधली ती पोकळी भरल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाही. जो भरत नाही, त्याची लय हळूच पुढे सरकू लागते. दहा मिनिटांनी पाहावे तो ठेका दीडपट झालेला. गवयाच्या लक्षात येत नाही, त्याला फक्त दम पुरेनासा होतो. सुरुवातीला धरलेली लय चाळीस मिनिटांनी तीच ठेवणे, गवई मागे ओढू लागला तरी न ओढले जाणे, तो पुढे पळू लागला तर त्याला सावरून घेणे, आणि हे सारे त्याला कळू न देणे, याला कायद्यापेक्षा जास्त रियाज लागतो. थोर गवई हैदराबादेस येत तेव्हा दाऊदखाँची साथ मागत, ती यासाठी. अशा साथीदाराबरोबर गाणाऱ्याला ताल मोजावा लागत नाही.

मराठी रसिकांना याचा एक दाखला घरचाच आहे. अहमदजान थिरकवाँसारखा तबल्याचा बादशहा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत असे. स्वतंत्र वादनात ज्यांच्यापुढे उभे राहण्याची कोणाची छाती नव्हती, ते खाँसाहेब नाटकात पदाच्या चालीबरोबर ठेका धरीत आणि योग्य जागी एखादीच थाप अशी देत, की पद तेथून उचलले जाई. ज्याच्याजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे त्याने थोडे देणे, आणि ज्याच्याजवळ थोडेच आहे त्याने थोडे देणे, यांतला फरक ऐकणाऱ्याला कळतो. कसा कळतो हे सांगणे अवघड, पण कळतो.

हा वाद आपल्याकडेच आहे असेही नाही. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी खर्जाची गिटार बाजारात आणली. चार जाड तारांचे ते वाद्य बँडमध्ये मागे उभे राहून वाजवतात. ते वाजत असते तोवर कोणाचे लक्ष जात नाही, आणि थांबले की सारा वाद्यवृंद अधांतरी लोंबकळल्यासारखा वाटतो. ते वाजविणाऱ्या मंडळींतही दोन पक्ष आहेत म्हणे. एक पक्ष तारा वाढवून, बोटे पळवून पुढे येऊ पाहणारा, दुसरा चार तारांवर मोजके स्वर धरून गाण्याखाली जमीन अंथरणारा. वाद्याच्या किमतीवर आणि लाकडावर त्यांच्यात जशी चर्चा चालते, तशी आमच्या तबलावादकांत शिसव चांगले की खैर, डग्गा तांब्याचा की पितळेचा यावर चालते. मला विचाराल तर खैराचे जड खोड आणि तांब्याचा डग्गा. पण चांगल्या हाताखाली मातीचा डग्गाही बोललेला मी ऐकला आहे, त्यामुळे हा वाद मी फार ताणीत नाही.

दाऊदखाँविषयी लिहू जाणाऱ्याची अडचण वेगळीच आहे. थोर कलावंतांच्या चरित्रात भांडणे असतात, पैजा असतात, भर मैफलीत कोणी कोणाला नमविल्याच्या कथा असतात. या माणसाच्या चरित्रात स्टुडिओत जाणे, सूर लावणे आणि वाजविणे आहे. त्या थेट प्रक्षेपणांतले पुष्कळसे वाजल्याबरोबर हवेत विरून गेले. जे ऐकायला मिळते त्यातही कान आधी गवयाकडे जातो. त्यांची साथ ऐकायची तर ध्वनिमुद्रण दुसऱ्यांदा लावावे आणि गवयाला विसरून फक्त डग्ग्याचा माग काढावा. मग ध्यानात येते की प्रत्येक धा सारखा नाही. गवई स्वर लांबवीत असेल तर घुमारा लांब ठेवलेला असतो, तो शब्द टाकीत असेल तर आखूड, आणि मुखडा समेला येताना एवढासाच दाब वाढतो, जणू दार उघडून धरले आहे.

विद्या त्यांनी घरात कोंडून ठेवली नाही. हैदराबादेत आणि बाहेरही त्यांचे शिष्य तयार झाले, त्यांत मराठी घरांतली मुलेही होती. त्यांचे चिरंजीव शब्बीर निसार यांनीही तबल्याचीच वाट धरली. सोलापुरी मुसलमान घरातला उस्ताद, हैदराबादी तालीम आणि समोर ब्राह्मण घरातला शिष्य, हे दृश्य या शहरात कधी कोणाला वेगळे वाटले नाही. बडे गुलाम अलीखाँ लाहोरकडचे, पण त्यांनीही शेवटचे दिवस येथेच काढले आणि 1968 च्या एप्रिलात येथेच देह ठेवला. गाणाऱ्या-वाजविणाऱ्याला जवळ करणारे हे गाव. दाऊदखाँ तर येथलेच होऊन गेले. 1992 साली ते निवर्तले.

त्यांच्या पद्धतीची एक गोष्ट मी माझ्या वर्गात उचलली आहे. तबला शिकायला येणाऱ्या मुलांना रेल्याची घाई असते. पालकांना तर त्याहून अधिक, कारण संमेलनात रेला दिसतो. मी त्यांना तिलवाड्याचा नुसता ठेका धरावयास लावतो आणि भिंतीवरचे घड्याळ पाहत बसतो. कायदा नाही, मुखडा नाही, तिहाई नाही. बहुतेकांची लय चौथ्या-पाचव्या मिनिटाला सुटते, काहींची दुसऱ्यालाच, आणि मग ती मुले माझ्याकडे रागाने बघतात. परवा काचीगुड्याकडचा एक बारा वर्षांचा मुलगा अकराव्या मिनिटापर्यंत पोहोचला.