दीनानाथ दलाल : अनेक शैलींचा एक चित्रकार

चित्रकाराची ओळख त्याच्या शैलीवरून पटावी, असा कलाजगतातील एक रूढ संकेत आहे. सही झाकून ठेवली तरी चित्र कोणाचे हे जाणकाराला सांगता यावे, यातच कलावंताची थोरवी मानली जाते. मराठी मुद्रणाच्या इतिहासात मात्र एक चित्रकार असा होऊन गेला, की त्याची सही झाकली तर एकाच अंकातील चार चित्रे चार निरनिराळ्या हातांनी काढली असावीत असे वाटावे. दीनानाथ दलाल यांचे हे वैशिष्ट्य काहींना गुण वाटले, काहींना उणीव. त्यांच्या निधनाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर या प्रश्नाचा शांतपणे विचार करता येण्यासारखा आहे. तो करताना त्यांचे आयुष्य ज्या बाजारपेठेत गेले, ती विसरून चालणार नाही.

दलालांचा जन्म ३० मे १९१६ रोजी गोव्यात झाला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चित्रकलेच्या उच्च शिक्षणाची सोय नव्हती. त्यामुळे ज्याच्या बोटांत रेषा असे, त्याची वाट मुंबईकडेच वळे. त्यांच्या आधीच्या पिढीतील त्रिंदाद याच वाटेने आले होते आणि दलालांहून दोन वर्षांनी लहान असलेले रघुवीर मुळगावकरही त्याच वाटेने आले. मुंबईत चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतल्यानंतर दलालांपुढे प्रत्येक तरुण चित्रकारापुढे उभा राहणारा प्रश्न होताच : पोट कशावर भरायचे? संस्थानिकांचा आश्रय संपत आला होता आणि चित्रे विकत घेणारा मध्यमवर्ग अजून तयार व्हायचा होता. मात्र चित्र छापून घेणारा एक मोठा वर्ग गिरगावातच उभा होता. तो म्हणजे प्रकाशक, मासिकांचे संपादक आणि जाहिरातदार. दलालांनी त्या वर्गाकडे पाहिले आणि केनेडी पुलाच्या परिसरात ‘दलाल आर्ट स्टुडिओ’ उभा केला.

या व्यवसायाचे अर्थकारण आजच्या पिढीला समजावून सांगावे लागेल. त्या काळी चित्र छापायचे म्हणजे आधी जस्ताचा किंवा तांब्याचा ब्लॉक करून घ्यावा लागे. निव्वळ रेषेचे चित्र असेल तर लाइन ब्लॉक स्वस्तात होई. छायाप्रकाशाच्या छटा हव्या असतील तर हाफटोन घ्यावा लागे, आणि तो महाग पडे. रंगीत चित्राला तर पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे स्वतंत्र ब्लॉक लागत. कागद यंत्रातून तितक्या वेळा जाई आणि एक ब्लॉक केसभर सरकला तरी चेहऱ्याची दशा होई. ब्लॉकचा दर चौरस इंचावर ठरे. तेव्हा कमीत कमी रंगांत अधिकाधिक परिणाम कसा साधायचा, हे या क्षेत्रातील चित्रकाराला पुस्तकात शिकायला मिळत नसे, प्रकाशकाच्या हिशेबाच्या वहीत मिळे. दलालांच्या दोनच रंगांतील मुखपृष्ठांकडे या दृष्टीने पाहावे. तिसऱ्या रंगाचे काम तेथे बहुधा मोकळा सोडलेला पांढरा कागद करतो. काटकसर ही तेथे उणीव राहिलेली नाही. तिची शैली झाली आहे.

महायुद्धाच्या काळात कागदावर सरकारी नियंत्रण आले आणि मराठी नियतकालिकांची पाने आक्रसली. युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ साली, दलालांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा वार्षिक अंक सुरू केला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, त्याला तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती. प्रथा नवी नव्हती. नवे होते ते हे, की चित्रकार स्वतः संपादक झाला. एरवी मजकूर आधी येई आणि उरलेल्या जागेत चित्र बसवले जाई. येथे चित्राला मजकुराच्या बरोबरीने पाट मांडला गेला. संपादकाचा धोका पत्करून चित्रकाराने स्वतःच्या कलेसाठी जागा विकत घेतली, असे या घटनेचे वर्णन करता येईल. उद्योजकता हा शब्द आपण गिरण्या-कारखान्यांपुरता राखून ठेवतो. तो या धाडसालाही लावायला हरकत नसावी.

आता शैलींच्या विविधतेकडे वळू. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’साठी चित्रे काढणारे दलाल आणि नायिकाभेदावर चित्रमालिका रंगवणारे दलाल हे एकच आहेत, यावर चटकन विश्वास बसत नाही. पहिल्या ठिकाणी रेषा राकट होते आणि काळाची घनता सह्याद्रीच्या कातळासारखी अंगावर येते. दुसऱ्या ठिकाणी तीच रेषा जुन्या लघुचित्रांच्या वळणाने लवते, वस्त्राच्या किनारीशी खेळते आणि रंग सपाट, निर्मळ होतात. व्यक्तिचित्र काढताना ते कलाशाळेत घटवलेल्या यथार्थदर्शनाला जागतात. हास्यचित्रात तीच माणसे दोन-चार फटकाऱ्यांत उभी करतात. नवकथेच्या किंवा नवकवितेच्या शेजारी चित्र द्यायचे असेल, तर आकार मोडून कोनाकोनांत मांडायलाही ते कचरत नाहीत. शीर्षकाची अक्षरेही त्या काळी हातानेच घडवावी लागत, आणि ऐतिहासिक कादंबरीचे अक्षर विनोदी पुस्तकाला चालत नसे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चे १९६७ सालचे मुखपृष्ठ दलालांचेच. त्या कादंबरीची आठवण मुखपृष्ठासकट येते, असे सांगणारे वाचक आजही भेटतात.

मग दलालांची स्वतःची शैली कोणती? या प्रश्नावर त्यांचे टीकाकार अडून बसतात. ज्या मुंबईत १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि १९५२ साली जहांगीर कलादालन उघडले, त्याच मुंबईत दलाल काम करीत होते. सूझा, रझा, हुसेन स्वतःची एक भाषा शोधत होते, तर दलाल मागणीप्रमाणे भाषा बदलीत होते, असा हा आक्षेप. त्यात तथ्याचा अंश आहे. मागणी मोठी आणि मुदत थोडी, अशा धबडग्यात काही चित्रे केवळ गोड झाली, काही स्त्रीचेहरे एकाच साच्यातून निघाल्यासारखे वाटतात, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. तथापि आक्षेपाचा गाभा चुकीच्या मापाने मोजण्यात आहे. कलादालनातील चित्र स्वतःपुरते बोलते. पुस्तकातील चित्राला दुसऱ्याच्या शब्दांशी संसार करायचा असतो. गायक भैरवी आणि मालकंस एकाच तऱ्हेने गात नाही म्हणून त्याला गायकी नाही असे आपण म्हणत नाही. आधी मजकूर वाचायचा, त्याची जातकुळी ओळखायची आणि मग हात कोणत्या वळणाने चालवायचा ते ठरवायचे, ही दलालांची खरी शैली होती. तिचे मूळ बाजारात होते हे खरे, पण तिचे फळ साहित्याला मिळाले. शिवाय उपयोजित आणि शुद्ध कलेतील भिंत आपण समजतो तेवढी जाड कधीच नव्हती. हुसेन यांनीही याच शहरात सिनेमाचे फलक रंगवून दिवस काढले होते.

दलालांच्या चित्रांचे प्रदर्शन कोठे भरे, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. ते दर दिवाळीत गिरगावच्या आणि दादरच्या पदपथांवर, पुस्तकांच्या दुकानांच्या दर्शनी काचांत आणि परळ-लालबागच्या वाचनालयांत भरे. प्रवेशमूल्य नसे. अंक विकत घेणारा एक असे, पण वाचनालयाच्या माफक वर्गणीत तो अंक घरोघर फिरे आणि वर्षाअखेर पाने कुरतडल्यासारखी होईपर्यंत हाताळला जाई. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांना चित्र टांगायला भिंत नव्हती, त्यांनीही नायिका पाहिल्या, गड पाहिले, आकार मोडलेली नवी चित्रे पाहिली. गिरणी कामगाराच्या मुलाला आधुनिक चित्रकलेची तोंडओळख कलादालनात झाली नाही. ती अशा अंकांत झाली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी याला सार्वजनिक लाभ म्हणेल, आणि या लाभासाठी शासनाला एक पैही खर्च करावा लागला नव्हता याचीही नोंद घेईल.

दलाल १५ जानेवारी १९७१ रोजी गेले. वय अवघे चोपन्न वर्षांचे. पुढे ‘दीपावली’ची धुरा मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी उचलली आणि तो अंक बंद पडला नाही. ब्लॉकची जागा ऑफसेटने आणि हाताच्या अक्षरांची जागा संगणकाने घेतली. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही, दलाल असते तर त्यांनी ही साधनेही शिकून घेतली असती. हळहळ करावी अशी गोष्ट वेगळी आहे. आपली अनेक वाचनालये पुस्तक टिकावे म्हणून पक्की बांधणी करतात आणि बांधणी करताना मुखपृष्ठ काढून टाकतात. मजकूर जपला जातो, चित्र रद्दीत जाते. नवी आवृत्ती निघते तेव्हा नवे वेष्टन येते आणि जुन्याची नोंदही राहत नाही. एका संपूर्ण कालखंडाची दृश्य स्मृती अशा रीतीने आपणच, कोणताही वाईट हेतू नसताना, पुसून टाकीत आहोत.

यावर उपाय अवाढव्य नाहीत. मुखपृष्ठ आतल्या पानासारखे बांधून घेणे, ग्रंथसूचीत मुखपृष्ठकाराचे नाव नोंदणे आणि जुन्या दिवाळी अंकांचा एक तरी पूर्ण संच गिरगाव-दादरच्या एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाने रंगीत प्रतिमांसह जतन करणे, एवढे लोकवर्गणीतूनही होण्याजोगे आहे. ते झाल्यावर या सर्व चित्रांचे एक प्रदर्शन जरूर भरवावे, आणि चित्रे कालानुक्रमे न लावता प्रत्येकासमोर ज्या मजकुरासाठी ते काढले तो मजकूर ठेवावा. शैली इतक्या वेळा का बदलली, याचे उत्तर प्रेक्षकाला तेथे आपोआप मिळेल.