कंपवाताची ओळख पटवणारे जेम्स पार्किन्सन

हात कापणे, पाठीत वाक येणे, चालताना पाऊल अडखळणे ही म्हातारपणाची लक्षणे आहेत, असे शतकानुशतके मानले जात होते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत कंपाचे उल्लेख आहेत. प्राचीन ग्रीक वैद्य गेलन यांनीही अंगाच्या थरथरीविषयी लिहिले आहे. तथापि ही वेगवेगळी दिसणारी लक्षणे एकाच विकाराची अंगे आहेत, हे आधुनिक वैद्यकाला स्पष्टपणे दाखवून दिले ते लंडनच्या एका साध्या चिकित्सकाने. त्यांचे नाव जेम्स पार्किन्सन.

पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनजवळच्या हॉक्स्टन या वस्तीत झाला. त्यांचे वडील जॉन पार्किन्सन हे औषधे तयार करून देणारे आणि शस्त्रक्रिया करणारे चिकित्सक होते. वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करत जेम्स यांनी व्यवसायाचे धडे गिरवले. काही महिने त्यांनी लंडन रुग्णालयात शिक्षण घेतले आणि १७८४ साली शल्यचिकित्सकाचा परवाना मिळवला. पुढे जॉन हंटर या विख्यात शल्यविशारदांची व्याख्याने ते ऐकू लागले. लघुलेखन अवगत असल्याने ती व्याख्याने त्यांनी टिपून ठेवली. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले तत्काळ नोंदवून ठेवण्याची ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

हॉक्स्टन ही मुख्यतः कष्टकऱ्यांची वस्ती होती. तेथील गरिबांचे हाल पार्किन्सन रोज पाहत होते. केवळ औषध देऊन हे दुःख संपणार नाही, याची जाणीव त्यांना झाली. त्या काळी इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला मतदानाचा अधिकार नव्हता. पार्लमेंटमध्ये सर्वांना प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी करणाऱ्या संघटनेत ते सामील झाले. ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने त्यांनी स्वस्त पुस्तिका लिहिल्या. १७९४ साली राजे तिसरे जॉर्ज यांच्या हत्येचा कट रचल्याच्या आरोपावरून त्यांच्या काही सहकाऱ्यांना अटक झाली. पार्किन्सन यांनाही प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्षीसाठी उभे राहावे लागले. प्रश्न विचारणाऱ्यांत पंतप्रधान विल्यम पिट हेही होते. राजद्रोहाची शिक्षा म्हणजे मृत्यू, हे ठाऊक असूनही पार्किन्सन यांनी त्या पुस्तिकांचे लेखक आपणच आहोत, हे मान्य केले. त्यांच्यावर खटला भरला गेला नाही आणि पुढे आरोपींचीही सुटका झाली.

यानंतर पार्किन्सन यांनी आपली लेखणी मुख्यत्वे आरोग्य आणि विज्ञान यांकडे वळवली. सामान्य कुटुंबांना समजतील अशी आरोग्यविषयक पुस्तके त्यांनी लिहिली. मनोरुग्णांना ठेवण्याच्या तत्कालीन व्यवस्थेविषयीही त्यांनी लेखन केले. जीवाश्मांचा अभ्यास हा त्यांचा आवडीचा छंद होता. त्या विषयावर १८०४ ते १८११ या काळात त्यांनी तीन खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८०७ साली लंडनमध्ये भूविज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. लुप्त झालेल्या शंखधारी प्राण्यांच्या एका गटाला आजही त्यांच्या नावावरून ‘पार्किन्सोनिया’ म्हणतात. दगडातील पुसट खुणांवरून संपूर्ण प्राण्याची कल्पना करणारी त्यांची दृष्टी माणसांच्या हालचालींतही असाच संबंध शोधत होती.

१८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पार्किन्सन यांनी ‘अ‍ॅन एसे ऑन द शेकिंग पाल्सी’ हा अवघ्या ६६ पानांचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात केवळ सहा व्यक्तींची वर्णने आहेत. त्यांपैकी दोघे त्यांना रस्त्यात भेटले होते आणि एकाला तर त्यांनी फक्त दुरून पाहिले होते. त्यांत एक माळी होता, एक पूर्वी खलाशी होता. इतरांच्या दृष्टीने ते केवळ थकलेले वृद्ध होते. पार्किन्सन मात्र थांबले, त्यांची विचारपूस केली आणि मिळालेली माहिती काळजीपूर्वक नोंदवली.

या निरीक्षणांतून विकाराचा क्रम त्यांच्या लक्षात आला. प्रारंभी बहुधा एकाच हाताला सूक्ष्म कंप सुटतो. हात स्वस्थ असतानाही तो थांबत नाही. काही काळाने दुसऱ्या बाजूचे अवयवही कापू लागतात. लिहिणे आणि घास तोंडापर्यंत नेणे अवघड होते. शरीर पुढे झुकते, पावले आखूड पडतात आणि चालता चालता रुग्ण नकळत धावू लागतो. अखेरीस बोलणे अस्पष्ट होते आणि गिळणेही कठीण जाते. हे सर्व अतिशय संथपणे घडत असल्याने विकार केव्हा सुरू झाला, हे रुग्णालाही सांगता येत नाही.

आपल्या ज्ञानाच्या मर्यादा पार्किन्सन यांनी लपवल्या नाहीत. विकाराचे मूळ मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या भागात असावे, असा त्यांचा तर्क होता. परंतु एकाही रुग्णाचे शवविच्छेदन करता आले नसल्याने हा केवळ तर्क आहे, असे त्यांनी नमूद केले आणि शरीररचनेच्या अभ्यासकांना पुढील शोध घेण्याची विनंती केली. त्यांचा तो तर्क चुकीचा ठरला. मानेजवळून रक्त काढण्याचा त्यांनी सुचवलेला उपायही निरुपयोगी होता. या विकारात बुद्धी शाबूत राहते, हे त्यांचे मतही पुढे पूर्णतः खरे ठरले नाही. त्यांनी केलेले लक्षणांचे वर्णन मात्र आजही बहुतांशी लागू पडते.

२१ डिसेंबर १८२४ रोजी पार्किन्सन यांचे निधन झाले. त्यांचे एकही विश्वसनीय चित्र उपलब्ध नाही. त्यांच्या निबंधाकडेही अनेक वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८६० नंतरच्या काळात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ झाँ-मार्टिन शार्को यांनी या विकाराचा सखोल अभ्यास केला. स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींतील मंदपणा ही लक्षणे त्यांनी स्पष्ट केली. रुग्णाची शक्ती नाहीशी होत नसल्याने याला पक्षाघात म्हणणे योग्य नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी या विकाराला पार्किन्सन यांचेच नाव दिले.

पार्किन्सन यांनी सोपवलेले काम पुढील पिढ्यांनी हाती घेतले. मेंदूच्या तळाशी ‘कृष्णद्रव्य’ नावाचा गडद रंगाचा लहानसा भाग असतो. या विकारात तेथील पेशी नष्ट होतात, हे १९१९ साली कॉन्स्टँटिन त्रेत्याकोव यांनी दाखवले. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. मेंदूच्या ज्या भागांतून हालचालींचे नियमन होते, त्यांना हे रसायन आवश्यक असते. १९५७ साली स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन हे औषध दिले, तेव्हा ते निश्चल झाले. लेव्होडोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागले. रेसर्पिन हे सर्पगंधा या भारतीय वनस्पतीत आढळते. लेव्होडोपा हे द्रव्यही १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता असल्याचे सिद्ध केले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवत रुग्णांना दिली आणि जखडलेली माणसे पुन्हा चालू लागली. आजही हे प्रमुख औषध आहे. मात्र काही वर्षांनंतर त्याचा परिणाम कमी काळ टिकतो आणि अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात. म्हणून त्याचे प्रमाण तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवावे लागते. १९८७ साली फ्रान्समध्ये आलीम-लुई बेनाबिद यांनी मेंदूत सूक्ष्म तार बसवून विद्युत्स्पंदने देण्याची पद्धत विकसित केली. निवडक रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो.

तरीही पेशींचा ऱ्हास थांबवणारे औषध अद्याप सापडलेले नाही. रुग्णांच्या मेंदूत अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गाठी साचतात. त्या का साचतात आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच त्यांचा सुगावा कसा लावता येईल, यावर संशोधन सुरू आहे. मूलपेशींपासून तयार केलेल्या डोपामिन-उत्पादक पेशी मेंदूत रोपण करण्याच्या छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली जपान आणि अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यांत हे रोपण सुरक्षित असल्याचे दिसून आले. परंतु ते किती परिणामकारक आहे, हे मोठ्या चाचण्यांनंतरच निश्चित होईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात या विकाराचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते. पार्किन्सन यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती, सूक्ष्म उपकरणेही नव्हती. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या वेदनेकडे लक्षपूर्वक पाहण्याची वृत्ती मात्र होती. त्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला, त्याचे उत्तर शोधण्याचे कार्य दोनशे वर्षांनंतरही अखंड चालू आहे.