दप्तरांचा माणूस : इतिहासाचार्य राजवाडे

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'फायनल', 'फायनल २', 'लेटेस्ट फायनल' अशा फाईल्स असतात आणि खरी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही! अशा वेळी मला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आठवतात.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या वरसईचा. डेक्कन कॉलेजचे बी.ए. पत्नी लवकर वारली, पुन्हा लग्न केलं नाही. तेव्हा मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफचा १८२६ सालचा इंग्रजी ग्रंथ. मूळ कागद पाहिल्याशिवाय इतिहास लिहू नये, असं राजवाड्यांचं ठाम मत होतं. पण कागद होते कुठे? वाड्यांच्या माळ्यावर, वाळवीच्या तोंडी. हा माणूस ते मिळवायला गावोगाव हिंडला, बऱ्याचदा पायीच. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईला त्यांना पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली. त्यांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. पुढे एकूण २२ खंड झाले.

नुसते कागद जमवून भागत नव्हतं. पत्रं मोडीत, त्यावर बहुतेकदा तिथी असे पण साल नसे. मजकुरातल्या घटनांवरून साल ठरवायचं, मग पत्राला क्रमांक द्यायचा आणि छापायचं. ज्याला आपण आज मेटाडेटा म्हणतो, तेच हे काम! कॉम्प्युटर नव्हता, पगार नव्हता.

१९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. स्वभाव तापट, त्यामुळे तिथेही फार काळ पटलं नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात ते गेले. त्यांचे कागद जपायला धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. आज ते खंड पीडीएफमध्ये वाचता येतात.

मी रहिमतपूरची. आमच्या माळ्यावरही कागदांचे तीन रुमाल बांधलेले आहेत. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मोडी मला ईसीजीसारखी दिसते! या दिवाळीत घर पाडायचं आहे आणि आजी म्हणते, बंबात घाल. मी तिला थांबवलंय. आधी रुमालांना नंबर, मग प्रत्येक कागदाचा फोटो, फाईलच्या नावात रुमाल आणि पान. वाचणारा नंतर शोधू. तुमच्याही गावी असे रुमाल असतील, तर बंब पेटायच्या आत एकदा माळ्यावर चढून बघाच.