लाकडी ठशांचा चित्रकार

जपानच्या दक्षिणेस क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्या बेटावरील कुरुमे या गावी १८७६ साली हिरोशीचा जन्म झाला. उएदा घराण्यातील हा दुसरा मुलगा. शाळेत त्याच्या हातची चित्रे पाहून त्याचे चित्रकलेचे शिक्षक कासाबुरो योशिदा इतके प्रसन्न झाले की, त्यांनी १८९१ साली त्याला दत्तकच घेतले. तेव्हापासून तो हिरोशी योशिदा झाला. पुढे लवकरच कासाबुरो वारले आणि घरच्या साऱ्या माणसांचा भार या कोवळ्या तरुणाच्या शिरावर आला.

टोकियो येथील एका चित्रशाळेत हिरोशी शिकत होता. त्याचा कामाचा झपाटा पाहून सोबत्यांनी त्याला चित्रांचा राक्षस असे नाव ठेवले होते. डोंगर हे त्याचे विशेष आवडीचे ठिकाण. रंगांची पेटी घेऊन तो रानोमाळ हिंडे आणि धुके, दरी, वाडी, जे दिसेल ते जलरंगांत उतरवी. परंतु चित्रे काढून घर चालत नाही. चित्रे विकत घेणारा कोणी तरी भेटावा लागतो. जपानात असे गिऱ्हाईक थोडे. म्हणून १८९९ साली, जाण्याचे भाडे व थोड्या दिवसांचा खर्च एवढेच पैसे गाठीस बांधून, तो आपल्या एका चित्रकार मित्रासह अमेरिकेस जाणाऱ्या जहाजात चढला. ओळखदेख नसलेल्या देशात जाण्याचे हे धाडसच होते. डेट्रॉइट शहरातील वस्तुसंग्रहालयाच्या संचालकांनी त्या दोघांची चित्रे पाहिली आणि तेथेच त्यांचे प्रदर्शन भरविले. चित्रे भराभर खपली. दोघे मित्र तेथून बोस्टनला व पुढे युरोपातही जाऊन आले.

या चित्रांचा लाकडी ठशांशी अद्याप काहीच संबंध नव्हता. तो आला १९२० साली, हिरोशी चव्वेचाळीस वर्षांचा असताना. टोकियोतील प्रकाशक वातानाबे शोझाबुरो हे ठशांच्या चित्रांची मावळत चाललेली कला पुन्हा उभी करण्याची खटपट करीत होते. त्यांच्या विनंतीवरून हिरोशीने ठशांसाठी चित्रे काढून दिली.

येथे थोडे थांबून ही चित्रे कशी तयार होतात ते पाहिले पाहिजे. चित्रकार पातळ कागदावर चित्राच्या रेषा काढतो. तो कागद चेरीच्या लाकडाच्या गुळगुळीत फळीवर पालथा चिकटवितात. मग कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढतो. मूळ चित्र या कामात नाहीसे होते, उरतो तो ठसा. या ठशावरून काही प्रती छापून चित्रकार कोणत्या जागी कोणता रंग हवा ते सांगतो, आणि रंगारंगासाठी निराळे ठसे कोरले जातात. छापणारा ठशावर कुंचल्याने पाण्यात कालविलेला रंग व किंचित तांदळाची खळ लावतो, त्यावर ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या गोल चकतीने कागदाची पाठ घासतो. या चकतीला बारेन म्हणतात. प्रत्येक ठशाच्या कडेला दोन खाचा असतात. कागदाचा कोपरा व कड त्यांत नेमकी बसली की रंग आपल्या जागी पडतो. एका केसाइतका कागद सरकला तरी तांबडा रंग रेषेबाहेर जातो व ती प्रत वाया जाते.

पूर्वीपासून या कामाची वाटणी ठरलेली होती. चित्रकाराने काढावे, कोरणाऱ्याने कोरावे, छापणाऱ्याने छापावे आणि प्रकाशकाने पैसा घालून विकावे. चित्रकाराचा शब्द पहिल्या पायरीलाच संपे.

१ सप्टेंबर १९२३ रोजी, भर दुपारी, टोकियो व आसपासचा मुलूख भूकंपाने हादरला. दुपारच्या जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या, घरे लाकडाची. आगीने शहराचा मोठा भाग गिळला. वातानाबे यांचे दुकान जळाले आणि त्यात हिरोशीचे सारे ठसेही राख झाले. कित्येक चित्रकार निर्वाह कसा करावा या विवंचनेत पडले. तेव्हा हिरोशीने आपली व आपल्या मंडळातील सोबत्यांची चित्रे गोळा केली आणि पत्नी फुजिओ हिच्यासह पुन्हा अमेरिकेची वाट धरली. फुजिओ ही कासाबुरो यांची कन्या, स्वतःही चांगली चित्रकार होती.

या दौऱ्यात त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. तैलचित्रांपुढे लोक क्षणभर थांबत. ठशांच्या चित्रांसाठी मात्र पैसे मोजीत. जपानी ठशांच्या जुन्या, सामान्य प्रतीही तेथे चांगल्या किमतीस जात. गिऱ्हाईक आहे, पण त्याला देण्याजोगे उत्तम नवे काम नाही, हे त्याने ओळखले. १९२५ साली मायदेशी परतताच त्याने स्वतःच्या घरी कार्यशाळा उघडली. लाकूड व कागद यांचा खर्च, कारागिरांचा रोज, न खपलेल्या प्रतींची नुकसानी, हे सारे आता त्याच्या अंगावर आले. त्या वेळी तो पन्नाशीला आला होता.

कारागिरांवर देखरेख करावयाची तर त्यांची विद्या आपणांस आली पाहिजे, असे मानून तो कोरणे व छापणे दोन्ही शिकला. आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीच्या समासात तो स्वतः छापल्याची मुद्रा उमटवी. परदेशच्या ग्राहकांसाठी चित्राखाली इंग्रजीत नाव लिही व सही करी. मागणी येईल तसतशा प्रती छापल्या जात. ग्राहक वाढले म्हणून त्याने काम उरकते मात्र घेतले नाही. त्याच्या एका चित्रासाठी साधारणतः तीस वेळा रंग चढवावा लागे. १९३७ सालच्या, देवळाच्या दरवाज्याच्या एका चित्रास तर शहाण्णव वेळा. शंभर प्रती काढावयाच्या तर बारेन किती वेळा फिरले असेल, याचा हिशोब तुम्हीच करा! मोठ्या आकाराच्या चित्रांत तर ओला कागद ताणून लांबे आणि खाचांत बसेना.

१९२६ साली त्याने शिडाच्या होड्यांचे एक चित्र तयार केले. रेषांचा ठसा एकच. पण रंग बदलून त्याने त्यातून सकाळ, दिवस, धुके, सायंकाळ व रात्र अशा निरनिराळ्या वेळा दाखविल्या. मला विचाराल तर त्याच्या साऱ्या कामात हेच सर्वांत नवलाचे. त्याच वर्षी त्याला मुलगा झाला. त्याचे नाव त्याने एका आवडत्या पर्वतावरून होदाका असे ठेवले.

थोरला मुलगा तोशी याला घेऊन १९३० च्या अखेरीस तो हिंदुस्थानात आला. आगगाडीने हिंडत त्याने ठिकठिकाणी रेखाटने केली. काशीचा घाट, अमृतसरचे सुवर्णमंदिर, उदेपूरचे तळ्यातील महाल, कांचनगंगा, सकाळच्या धुक्यातील व रात्रीचा ताजमहाल, यांची चित्रे पुढे ठशांतून उतरली. आपल्या अजिंठ्याची आणि वेरूळची लेणीही त्यांत आहेत. शेकडो वर्षांपूर्वी छिन्नीने कोरलेला काळा पाषाण टोकियोतील कारागिरांनी पुन्हा लाकडात कोरला.

१९३० व १९३६ साली अमेरिकेतील टोलेडो येथे जपानच्या नव्या ठसाचित्रांची प्रदर्शने भरली. ती घडवून आणण्यात हिरोशीचा मोठा वाटा होता. त्यात त्याने इतर चित्रकारांनाही आपल्या शेजारी जागा मिळू दिली. घराण्याघराण्यांत जपलेली कृती त्याने १९३९ साली इंग्रजीत पुस्तक लिहून जगासमोर ठेवली.

मग महायुद्ध आले आणि अमेरिकेचा बाजार बंद पडला. युद्ध संपल्यावर जे अमेरिकन अधिकारी टोकियोत आले, तेच त्याची कार्यशाळा पाहण्यास येऊ लागले. वय सत्तरीचे झाले होते. ५ एप्रिल १९५० रोजी तो निवर्तला. त्याने सुमारे अडीचशे चित्रे ठशांतून सिद्ध केली होती. ठसे घरीच होते. तोशीने त्यांवरून पुढेही प्रती छापल्या.