तंजावरचे सरफोजी राजे : नेत्रशलाका आणि नोंदवही

काशीच्या दशाश्वमेध घाटाचे नाव दिवोदास राजाच्या कथेशी निगडित आहे. स्कंदपुराणातील काशीखंडात असे सांगितले आहे की, या राजाच्या साहाय्याने ब्रह्मदेवाने गंगातीरी दहा अश्वमेध यज्ञ केले. दिवोदास हे नाव सुश्रुतसंहितेच्या आरंभीही येते. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुतादी शिष्यांना शल्यतंत्राचा उपदेश केला, अशी त्या ग्रंथाची भूमिका आहे. परंपरेने हे दोन्ही दिवोदास एकच मानले. त्यामुळे यज्ञाचे हे स्थान श्रद्धावंतांच्या मनात शस्त्रविद्येच्या उगमाशीही जोडले गेले. १८२० ते १८२२ या काळात सुमारे ३,००० जणांचा लवाजमा घेऊन तंजावरचे सरफोजी राजे भोसले यांनी जी उत्तरयात्रा केली, तिचा मुख्य टप्पा ही काशीच होती. यात्रेकरू राजाने येथे स्नानदान करावे यात नवल नाही. परंतु या राजाने काशीच्या ६४ घाटांची चित्रे काढवून घेतली आणि ग्रंथांची हस्तलिखिते मिळविली. पुण्यसंचयाबरोबर प्रत्यक्ष पाहण्याची व नोंदून ठेवण्याची ही वृत्ती हेच त्यांच्या चरित्राचे मर्म होय.

सरफोजींचा जन्म १७७७ मधला. भोसले कुळाच्या एका शाखेतील या मुलाला तंजावरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले. त्यांचे बंधू अमरसिंह यांनी दत्तविधानाची वैधता नाकारून गादी बळकावली. बालराजाचा कोंडमारा सुरू झाला. जर्मन ल्यूथरन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्‌झ यांनी त्याचा कैवार घेतला व १७९३ मध्ये त्याला मद्रासेस हलविण्यात आले. तेथे विल्हेल्म गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये कंपनी सरकारने सरफोजींचा हक्क मान्य करून त्यांना गादीवर बसविले; आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीने आपल्या हाती घेतला. राजांकडे उरले ते तंजावरचा किल्ला, त्याभोवतालचा थोडा प्रदेश, तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

राज्य नसलेल्या राजाने काय करावयाचे? बहुतेक संस्थानिकांनी या प्रश्नाचे उत्तर विलासात शोधले. सरफोजींनी ते विद्येत शोधले. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. इसापच्या कथांचे मराठी रूपांतर असलेली ‘बालबोधमुक्तावलि’ तेथेच छापली गेली. त्यांच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक तर भूगोलाचा पाठच होय. तमिळ नृत्यनाट्याच्या घाटात येणारी भविष्य सांगणारी कुरवंजी त्यात खंडांची आणि देशांची माहिती सांगते. सरस्वतीमहाल ग्रंथालयात युरोपीय भाषांतील ४,००० हून अधिक पुस्तके जमा झाली. त्यांपैकी कित्येकांवर राजांची स्वतःची सही आहे.

वैद्यक हा या विद्याव्यासंगाचा सर्वात मोलाचा भाग. धन्वंतरी महाल या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र आणले गेले. शरीररचनेच्या अभ्यासासाठी हाडांऐवजी हस्तिदंती सांगाडा मिळविण्यात आला. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यात ग्रथित करून ‘शरभेंद्र वैद्य मुरै’ ही ग्रंथमाला सिद्ध झाली. तिचा एक भाग केवळ नेत्ररोगांना वाहिलेला आहे.

नेत्ररोगांवर एवढा भर का, हे उपकरणांकडे पाहिले म्हणजे उमगते. डोळ्याच्या शस्त्रकर्मात हाताच्या चुकीस क्षमा नाही, आणि उपकरणाच्या दोषासही नाही. सुश्रुतसंहितेने १०१ यंत्रे व २० शस्त्रे सांगितली. तथापि मोतीबिंदूसाठी उत्तरतंत्रात केलेले शलाकेचे वर्णन विशेष सूक्ष्म आहे. ही शलाका आठ अंगुळे लांब, तांब्याची, लोखंडाची वा सोन्याची, मधोमध सूत गुंडाळलेली आणि दोन्ही टोकांस कळीच्या आकाराची असावी. सुताच्या वेष्टनामुळे पकड घट्ट राहते. पुढे दोषांची यादी येते. शलाका खडबडीत असेल तर वेदना होतात, टोक जाड असेल तर व्रण रुंदावतो, फार तीक्ष्ण असेल तर नाना प्रकारची इजा होते, विषम असेल तर पाणी वाहते, अस्थिर असेल तर कर्मच अडते. येथे उपकरणाची परीक्षा त्याच्या झळाळीवरून होत नाही. रुग्णाच्या डोळ्याला काय सोसावे लागले यावरून होते.

या पद्धतीत गढूळलेले भिंग दृष्टीच्या मार्गातून बाजूला सारले जाई. ते डोळ्यातच राही. युरोपात झाक दाव्हिएल यांनी १७५२ मध्ये भिंग बाहेर काढण्याची रीत विद्वानांपुढे मांडली, आणि व्हिएन्नाचे गेओर्ग योझेफ बेअर यांनी तिच्यासाठी त्रिकोणी पात्याचा चाकू घडविला. पाते पुढे सरकेल तसतशी त्याची रुंदी छेद भरून काढी, त्यामुळे छेद पुरा होण्याआधी डोळ्यातील द्रव बाहेर येत नसे. काशीची शलाका आणि व्हिएन्नाचा चाकू यांच्या रीती भिन्न होत्या. मात्र इजा कमीत कमी व्हावी ही दोघांमागची चिंता एकच होती. १८१९ मध्ये मद्रासेस नेत्ररुग्णालय सुरू झाले आणि नवे नेत्रशल्य तंजावरच्या जवळ येऊन ठेपले.

काशीहून परतल्यावर सरस्वतीमहालाचा संस्कृत संग्रह झपाट्याने वाढला. आर्थर बर्नेल यांनी १८८० मध्ये त्याची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातील मोठा भाग सरफोजींनी काशीहून मिळविल्याची नोंद त्यांनी केली. हा संग्रह वाढत असतानाच, १८२७ च्या सुमारास, तंजावरात डोळ्यांच्या शस्त्रकर्मांच्या नोंदी लिहिल्या जात होत्या. डॉ. मॅक्बीन या इंग्रज वैद्याचे साहाय्य राजांना होते. इंग्रजी आणि मोडी लिपीतील मराठी अशा दोहोंत ही कागदपत्रे आढळतात. त्यांत ४४ रुग्णांची हकीकत आहे, आणि काही रुग्णांच्या डोळ्यांची चित्रेही आहेत. घाटांची चित्रे काढविणाऱ्या दरबाराने रोगी डोळ्याचेही चित्र काढविले, ही गोष्ट लक्षणीय होय.

सरफोजींची थोरवी पूर्व आणि पश्चिम यांचा समन्वय साधण्यात होती, असे म्हणण्याची प्रथा आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. समन्वय पुस्तकांच्या कपाटातही होऊ शकतो. येथे विद्येला रुग्णाच्या डोळ्यापुढे उभे करून तिचा निकाल लिहून ठेवला गेला. शलाकेचे दोष सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथकाराची दृष्टी आणि नोंदवहीत रुग्णाची हकीकत लिहिणाऱ्या लेखनिकाची दृष्टी यांत आंतरिक नाते आहे. ज्यांच्याकडून महसूल वसूल करण्याचा अधिकार गेला, त्या प्रजेतील एकेका माणसाच्या दृष्टीची जबाबदारी घेणे, हा सत्ता गेल्यावर उरलेला राजधर्म होता.

१८३२ च्या मार्चमध्ये सरफोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि तंजावरचे राज्य संपुष्टात आले. १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांस खुले झाले, तरी नेत्ररुग्णांच्या नोंदींकडे नेत्रवैद्यांचे लक्ष वळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. मोडी वाचणारा वैद्यक जाणत नव्हता, वैद्यास मोडी येत नव्हती, तमिळ वैद्यकपद्ये तिसऱ्याच अभ्यासकाच्या वाट्यास गेली होती, आणि वाङ्मयेतिहासाने ‘देवेंद्र कुरवंजी’ घेऊन नोंदवही बाहेर ठेवली. जे एका राजाच्या दरबारात एकत्र नांदत होते, ते विद्याशाखांनी वेगळे केले. त्या ४४ रुग्णांची हकीकत नीट वाचावयाची तर या साऱ्या भाषा पुन्हा एका मेजावर आणाव्या लागतील; सरफोजींनी त्या तशाच आणल्या होत्या.